वरपक्ष

विद्यापीठाच्या पत्रावर आमचा पत्ता:
मुलींचे वसतिगृह क्रमांक चार, विस्तारित.
विस्तारित म्हणजे किती, ते पत्रात नाही.
ते सव्वासातच्या केएमटीत बसल्यावर कळतं.
फुलेवाडी, रंकाळा, गंगावेश,
मग अख्खं गाव अंगावरून जाऊ द्यायचं
आणि शेवटी पलीकडच्या माळावर, जिथं बाकीच्या मुली
चहा पिऊन, केस विंचरून, चपला अडकवून
पाच मिनिटांत वर्गात पोचतात,
तिथं आपण घामेजून उतरायचं.
हजेरीला 'येस मॅडम' आधी,
श्वास नंतर.

इमारत मूळची मंगल कार्यालय.
पार्किंगच्या भांडणात मालकानं बंद केलं म्हणे,
विद्यापीठानं भाड्यानं घेतलं.
दारांवरच्या पाट्या कुणी काढल्या नाहीत.
मी आणि सुलक्षणा हत्तरकी: 'वरपक्ष'.
समोर 'वधूपक्षा'त तबस्सुम आणि चंदगडच्या दोघी,
ज्यांच्या स्वप्नात अजून हत्ती येऊन
काजूच्या बागेत उभे राहतात.
स्टेजवर दोऱ्या बांधल्यात.
जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या असायच्या तिथं
कुणाचा तरी ओला टॉवेल
आहेर स्वीकारत लोंबतो.

घरून फोन येतो: "कुठं हाईस?"
"कार्यालयात."
"कुणाचं लगीन गं?"
आई हसते. रोज तोच विनोद, तरी हसते,
आणि हसण्याच्या शेवटाला
एक स्थळ टांगलेलं असतंच.

ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं असतं,
हे आम्हाला ऐकून माहीत,
जसं काश्मीरला बर्फ पडतं.
शेवटची बस साडेआठची.
माझी बुरशी मात्र रात्रीच वाढते.
तिला केएमटीचं वेळापत्रक
कुणी सांगितलेलं नाही.

तातोबा वॉचमन कार्यालयासोबत आला, भिंतींसारखा.
अजून रात्री टॉर्च मारत विचारतो,
"जेवली का सगळी मंडळी?"
जणू कुणी उपाशी राहिलं
तर व्याही रुसतील.

जानेवारीत यादी लागली. मेन कॅम्पसला जागा एक.
सुलक्षणा, तुझं नाव.
तू गादी गुंडाळलीस आणि बोलली नाहीस.
मीही बादली तुझी की माझी
यावरच बोलत राहिले.
तबस्सुम स्टेजवर चढली,
वाळतं ते सगळं बाजूला सारून
गंभीर तोंडानं म्हणाली, "सावधान."
तातोबानं रिक्षाच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.
हसून हसून आमच्या पोटात दुखलं.
ते दुखणं दोन दिवस राहिलं.

मग तुझे निरोप: इथं मोर ओरडतात.
इथं गरम पाणी सातनंतरही येतं.
आणि रोज रात्री अकराला एक फोटो,
माझ्या काचेच्या बशीचा:
पांढरं वर्तुळ, कालच्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठं.
खाली लिहिलेलं, झाकण उघडलं नाही, आईशप्पथ.

तिसऱ्या शनिवारी शेवटच्या बसनं तू आलीस.
हातात पिशवी, पिशवीत फक्त उशी.
"तिकडं झोप येईना बघ. लई शांत हाय."
रिकाम्या कॉटवर माझी वाकळ पसरलीस.
दोन वाजता गगनबावड्याच्या रस्त्यानं
उसाच्या जोड ट्रॉल्या आल्या,
ट्रॅक्टरवर कर्ण्यात गाणं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या.
मी जागी झाले.
तू कूस बदलून
घोरायला लागलीस.

रविवारी कपडे धुतले, मिरच्यांचा खर्डा केला,
विशेष असं काही झालं नाही.

सोमवारी सव्वासात.
कंडक्टर म्हणाला, "ह्या बदलून गेल्या नव्हत्या व्हय?"
तू खिडकीला डोकं टेकून झोपलेली.
दसरा चौकात गाडी अर्धा तास अडकली.
वर्गात पोचलो तेव्हा हजेरी
शेवटच्या नावांवर आलेली.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
माझ्याकडं नाही, माझं त्यांना पाठ आहे.
"हत्तरकी, तुम्ही तर इथंच राहता ना?"

तू दाराची चौकट धरून
अजून श्वास घेत होतीस.