साय धरायच्या आत

अजमानात ऑगस्ट म्हणजे
काचेला बाहेरून घाम, आतून गारठा,
आणि मधल्या सांध्यात
कुणी न पेरता रुजणारं काहीतरी.

फौझी मास्तरांच्या खिडकीत
ते आधी खसखशीएवढं होतं म्हणे,
मग काळ्या तिळाएवढं,
आता खालची सगळी कड काजळ भरलेली.
मास्तर खोकतात,
रुमालात बघतात,
घडी घालून खिशात ठेवतात.

मी कटर तिरका धरतो.
लोखंडी पट्टी नको रे, प्लास्टिकची घे,
टेकबहादूरला तिसऱ्यांदा सांगतो.
या पांढऱ्या चौकटीवर ओरखडा गेला
की तो भाडेकरू बदलले तरी राहतो.
एक टोक सुटलं की जोर लावायचा नाही.
कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा
आई जसा ओढायची,
शेजारणीशी बोलता बोलता, न तोडता,
तसा जुना सिलिकॉन निघतो, लांबच लांब,
खालून अजून ओला.

पडद्यामागच्या कोपऱ्यात,
जिथे कुणाचं फडकं पोचत नाही,
एक अंगठा उमटलेला.
मधोमध आडवी चीर, कोयतीची,
आठवीत असताना नारळ सोलताना बसलेली.

माझाच.

टॉवरचं नाव बदललंय, रंग बदललाय,
लिफ्टमध्ये आता आरसा आहे,
म्हणून ओळखलं नव्हतं.
सात वर्षांपूर्वी, रमजानला चार दिवस,
बारा फ्लॅट संपवायचे,
खाली इनासियो गाडीचा हॉर्न दाबून बसलेला.
सिरक्याच्या वासाची स्वस्त नळी,
या प्लास्टिकला ती धरत नाही
हे मला तेव्हाही माहीत होतं.
चौकट ओली होती.
ओल्यावरच ओढली.

म्हणजे मास्तरांचा खोकला
थोडा माझ्या हातचा.

गेल्या महिन्यात कार्ड नवं करायला गेलो,
काउंटरवरची मुलगी म्हणाली, पुन्हा ठेवा.
पुसा. पुन्हा. जरा दाबून.
सिमेंटने, थिनरने, ब्लीचने
अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झालेला,
मशीनला त्यात कुणी सापडेना.
शेवटी करंगळीवर भागवलं.
आणि इथे बघा,
एकूणएक रेघ शाबूत,
रेघेरेघेत बुरशी भरून
कुणीतरी शाई लावून घेतल्यासारखी.

काय झालं, दाजू?
काही नाही. पिशवी आण.

तो तुकडा वेगळा कापला.
क्षणभर वाटलं, खिशात टाकावा.
पण बुरशी कोण घरी नेतं?
पिशवीत टाकला. गाठ मारली. मग आणखी एक.

ब्लीच मारून थांबलो.
नुसतं थांबायचं, हे काम कुणी शिकवत नाही.
मास्तरांच्या लेकीने हेअर ड्रायर दिला, गुलाबी,
त्यावर फुलपाखराचं स्टिकर.
चाळीस मिनिटं सांध्यात गरम वारा सोडत बसलो,
टेकबहादूर हसत राहिला,
फोन तीनदा वाजला,
कुठे आहेस, अजून दोन साइट बाकी आहेत.
चौथ्यांदा मी तो उलटा ठेवला.

बोट लावून बघितलं. कोरडं.
गालाला लावून बघितलं. कोरडं.
मग दोन्ही बाजूंनी टेप,
नळीचं तोंड तिरकं कापलं,
या वेळी बिनवासाची, महागातली,
फरक माझ्या खिशातून, ते कुणाला सांगायचं नाही.
श्वास धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकच रेघ. मध्ये थांबलं तर गाठ दिसते.
साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून
वरून अलगद फिरवला,
आणि साय धरायच्या आत
टेप ओढून काढली.

वाकून पाहिलं, उजेडाकडून.
कसलाच ठसा नाही.
कामाच्या दृष्टीने ते चांगलंच.

मास्तर चहा घेऊन आले, पुदिन्याचा,
खिडकीकडे पाहत उभे राहिले,
तुटक्या हिंदीत विचारलं,
किती वर्षं टिकेल?

मी म्हटलं,
चोवीस तास उघडू नका.