साबळे कंडक्टरची लेक वडापनं येते

पुण्याच्या गाडीनं बॉम्बे रेस्टॉरंटच्या चौकात उतरवलं
तेव्हा रात्रीचे पावणेदोन.
पहिल्या अंघोळीला चार तास.
पुलाखाली पंधरा-वीस माणसं, बॅगांवर बसलेली,
आणि कडेला जीपा, दिवे विझवून, कान उघडे ठेवून.
रहिमतपूर? बावीसशे. दिवाळी आहे ताई.
जशी काही दिवाळी त्याच्या एकट्याच्या घरी होती.

आप्पांना फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे उशाशीच होता.
चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
त्यातली निम्मी स्टँडच्या दारात
वडापवाल्यांशी भांडण्यात गेलेली.
"शेवटची गाडी?"
"गेली."
मग बराच वेळ फोनमध्ये
आमच्या गल्लीतलं कुत्रं नुसतं.
"बघ मग वडाप,"
भातात खडा लागावा तसं म्हणाले.

"एकटी बसू नको. माणसं जमव.
दार उघडायच्या आधी भाडं ठरव,
दार लागल्यावर ठरतं ते भाडं नव्हे, दंड.
नंबर पाटीवरचा वाच, त्याच्या तोंडचा नको.
सुट्टे आहेत का?"
सुट्टे होते. त्यांच्या घरात वाढलेय मी.

माणसं जमवली.
चाकणहून बोनसचा मिक्सर मांडीवर घेऊन आलेली दोघं नवरा-बायको, कोरेगावची.
त्रिपुटीचा एक पोरगा, आकाशकंदील दुमडून शर्टात घातलेला.
आणि जुनी कमांडर, जिचा ड्रायव्हर
ओरडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे गेलो.
तेराशे, म्हणाला. सगळे मिळून. वर एक रुपया नाही.

"चौघांत सव्वातीनशे," मी फोनवर.
"समान कसं? त्रिपुटीच्या पोरानं
रहिमतपूरचं भाडं का भरायचं?
टप्प्यानं भाग."
आणि अंधारात, अंथरुणात बसून,
दोन, तीन, तीन, पाच,
टप्प्याला शंभर,
दोनशे, तीनशे, तीनशे, पाचशे,
तिकीट फाडावं तसं त्यांनी तेराशे फाडले.
पोरगा हसला. त्याचे सव्वाशे वाचले होते.
माझे पावणेदोनशे वाढले, हे कुणी बोललं नाही.

मग मोबाइलचा उजेड पाटीवर धरून
एकेक आकडा मोठ्यानं वाचला.
पलीकडे पेन्सिल खरखरली.
घरी अजून जुन्या वेबिलांचा गठ्ठा आहे,
कोऱ्या पाठीवर दर दिवाळीचा एकेक नंबर.

माहुलीचा पूल. खाली कृष्णा, दिसत नाही, गार लागते.
त्रिपुटीला कंदील उतरला, कोरेगावला मिक्सर.
मी पाठीमागच्या बाकावर, खिडकीशी, फोन चालूच.
ड्रायव्हरनं आरसा सारखा केला.
"फोनवर साबळे कंडक्टर का?"
मी काहीच बोलले नाही.
"वाठार रोडला त्यांनी माझ्या गाडीतली
सात माणसं उतरवून लाल गाडीत बसवली होती.
बकरी ईदचा आदला दिवस. डिझेलपुरतेही पैसे सुटले नव्हते."
फोन कानाशी होता. आप्पांनी ऐकलं.
मीही मोजत होते: किती टप्पे राहिले,
दाराची कडी कुठल्या बाजूला वळते.
तो पुढं म्हणाला,
"शिवी दिली होती मी. त्यांनी नाही दिली."
आणि रहिमतपूर येईस्तोवर परत एक शब्द नाही.

आप्पा रस्त्यावर उभे, बनियनवर मफलर,
हातात बॅटरी, ती सरळ पाटीवर.
आकडे जुळवून झाल्यावर मगच माझ्याकडे पाहिलं.
"किती घेतले?"
"ठरले तेवढेच."
मग ड्रायव्हरकडे वळून,
"मुलाणी ना तू? दस्तगीर?"
"हो."
"अजून सातच माणसं भरतोस का?"
"आता मिळतात कुठं सात."
दोघंही हसले नाहीत. चहाही कुणी विचारला नाही,
आमच्यात नंतर त्यावरून आई बोलली.
आप्पांनी फक्त मागं जाऊन
कमांडरच्या पत्र्यावर हात मारला,
दोनदा.

डबल बेल.

मुलाणीनं गिअर टाकला.
असं हलताना त्याच्या गाडीला
पहिल्यांदाच कुणी सोडलं असेल.