सव्वीस सेकंद

वैजू गेली तेव्हा धनकवडीत कुणाला नीट सांगता आलं नाही
ती कशासाठी गेली.
'फळीवर उभं राहायला शिकायचंय तिला,' मी म्हणालो.
'त्यासाठी श्रीलंका?' भिंताडे काकू म्हणाल्या,
'आमच्या माळ्यावर दोन पडल्यात.'

एकोणचाळिसावं वर्ष.
बँकेतली रजा साठवत साठवत सहा आठवड्यांची केली
आणि कमरेच्या पट्ट्यासकट विमानात बसली.

चौथ्या दिवशी फोन.
नाकात मीठ गेलंय, गुडघे सोलवटलेत,
नारळ घातलेलं काही आता समोर नको.
रुवान म्हणतो, लाटेकडे बघू नको,
जायचंय तिकडे बघ.
मग गप्प.
मग म्हणाली, तिकडे बघितलं की पद्मावतीचा चौक दिसतो रे.
पुढे रडली असावी. मध्ये समुद्र होता,
नक्की कळलं नाही.

मी सल्ला द्यायला वाईट माणूस. किल्ल्या करून देतो,
झेरॉक्स काढतो.
'परत ये' एवढे दोनच शब्द, दातांपर्यंत आलेले,
ते गिळले आणि विचारलं, काय पाठवू?
चकली-बिकली म्हणेल असं वाटलं.
म्हणाली, आवाज पाठव.

मग काय, स्कूटर आणि मोबाईल.
टँकर मागे घेताना वाजते ती केविलवाणी धून.
स्वारगेटला 'पुढं चला, पुढं मोकळंय',
जे मोकळं कधीच नसतं.
कुकरची तिसरी शिट्टी; दुसरी नको, ती अर्धवट येते,
हे तिनंच बजावलेलं.
आईचं देवापुढचं पुटपुटणं:
मोबाईल बघून आईनं आवाज चढवला,
म्हणून ते खोडून दुसऱ्या दिवशी दाराआडून पुन्हा घेतलं.
आणि माझं मशीन, किल्लीला दात पाडताना.
ते मागितलं नव्हतं तिनं. पाठवलं.

दिवसाला एकच, असा तिचा नियम.
तोही पाण्यातून बाहेर आल्यावर.
आधी ऐकलं तर पाय पाण्याकडे वळत नाहीत म्हणे.

एकदा मध्यरात्री लिहिलं तिनं:
इथे घोट्याला दोरी बांधतात, फळी हातची जाऊ नये म्हणून.
मला भोरच्या विहिरीतला डबा आठवतो,
आबांनी पाठीला बांधलेला, डालड्याचा.
तो नेमका कधी सोडला रे माझ्या पाठीवरून?
मला आठवेना.
मी तेव्हा काठावर होतो, डोळे घट्ट मिटून.
माझा तर कुणी सोडलाच नाही,
मी दुसऱ्यांदा उतरलोच नव्हतो.
हे लिहिलं नाही. 'बघून सांगतो' म्हटलं,
जणू कुठे कपाटात असेल ते.

पाचव्या आठवड्यात पाठवलं
शंकर महाराज मठापासल्या कोंडीतलं, दोन रिक्षावाल्यांचं भांडण,
चांगलं तब्येतीत जमलेलं.
तिनं ऐकलंच नाही.
दुसऱ्या दिवशीचंही नाही.
तिसऱ्या दिवशी मी काही टिपलं नाही, पण कान
सवयीनं उघडेच राहिले,
आणि लक्षात आलं की इतक्या वर्षांत
आपल्या गल्लीला एवढं कुणी ऐकलं नसेल.

चौथ्या दिवशी तिच्याकडून एक आलं.
सव्वीस सेकंद.
पाणी. कुणीतरी ओरडतंय, बहुतेक रुवान.
मग बराच वेळ नुसतं खळाळणं,
मग वैजूचं हसू, लहानपणचं, नाकातून येणारं,
आणि धप्प.
उभी राहिली आणि पडली, की नुसतीच पडली,
विचारलं नाही.

दुकान बंद केलं. कात्रजच्या बाजूनं ट्रक उतरत होते.
जेवलो. गादीवर पडून, आवाज बारीक करून,
पुन्हा लावलं ते, आणि पुन्हा.
आतल्या खोलीत आई दचकून उठली,
अंधारात चाचपडत मोरीपर्यंत गेली कळशी घेऊन.
'पाणी आलं का रे?'
'नाही,' म्हटलं, 'वैजू आहे.'

आई तशीच उभी राहिली.
कळशी खाली ठेवली नाही तिनं.
'परत लाव,' म्हणाली.