समासातली पेन्सिल

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की
गाइडांच्या थप्प्यांमागे एक म्हातारा बसतो,
पुस्तकाचा भाव जाडीवर सांगतो.
बोटाची दोन पेरं, चाळीस रुपये.
शाळा कशी सुधारावी याबद्दलचं होतं,
पाठीला चिकटपट्टी,
आणि पहिल्याच पानावर जांभळा गोल शिक्का :
माझ्याच शाळेचा.

कासेवाडीतली, महापालिकेची, मुलींची.
म्हणजे तेव्हा मुलींची. आता पट भरत नाही म्हणून
दोन शाळा एकीत घातल्यात
आणि मी तिची प्रभारी मुख्याध्यापिका.
सहा वर्षं झाली, प्रभारीच.

बालेवाडीच्या प्रशिक्षणात विचारलं होतं,
नेतृत्व म्हणजे काय, एका वाक्यात लिहा.
मी लिहिलं, किल्ल्यांचा जुडगा.
साहेब हसले.
मी विनोद केला नव्हता.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय.
अक्षर तिरकं, शिरोरेघ न मोडणारं.
नाव शेवटच्या पानावर सापडलं :
वि. ज. रणपिसे, १९९४.

पुस्तक म्हणतं, प्रत्येक मूल शिकू शकतं.
रणपिसेबाई : मान्य. बाकं बावीस, मुली एकसष्ट.
पुस्तक म्हणतं, प्रकरण चौथे, गळती.
रणपिसेबाई : कुठली? पत्र्याची की पटावरची?
दोन्हींसाठी अर्ज केला आहे.
पुस्तक म्हणतं, समान संधी.
इथे बाई बराच वेळ थांबल्या असाव्यात,
टोक टेकवून टेकवून कागदाला खड्डा पडलाय.
मग : पलीकडच्या शाळेची बस आपल्या फाटकाशी वळते.
आमच्या पहिलीनं बसवरून एबीसीडी उचलली.
फी लागली नाही.

स्कूटीवर बसूनच वाचत होते.
एकटीच हसले. चहावाल्यानं वळून पाहिलं.

पान सत्त्याण्णव, तक्ता. शेकडा सदतीस.
सदतीसभोवती गोल, गोलातून बाण :
यातली एक दुर्गा धोत्रे.
धाकट्याला कडेवर घेऊन खिडकीबाहेर उभी असते.
पान एकशे चार : दुर्गा आत आली. धाकटाही. तो झोपला.
पान एकशे तीस : दुर्गाला हातचा कळला.
पान एकशे एकतीस, नुसतंच : हातचा!
पान एकशे अठ्ठावन्न : दुर्गा चार दिवस नाही.

त्यापुढे समास पांढरे.
मूल्यमापन, नियोजन, लोकसहभाग,
पुस्तक बोलतच राहतं,
बाई काही म्हणत नाहीत.

सोमवारी जनरल रजिस्टर काढलं.
धोत्रे दुर्गा यल्लप्पा.
जन्मतारीख एक जून, सगळ्यांचीच असते तशी.
शाळा सोडल्याचे कारण, या रकान्यात
शाई नाही. पेन्सिल, तीही खोडलेली.
खिडकीशी नेऊन तिरकं धरून पाहिलं,
लागलं नाही.

तेव्हाच शेजारच्या फायलीत दिसलं :
निर्लेखन यादी. मोडकी बाकं सात, घंटा एक,
जुनी पुस्तकं बेचाळीस किलो.
खाली सही. माझी.
यादी न वाचता केलेली, कारण त्या दिवशी
तांदळाचा टेम्पो फाटकात उभा होता
आणि उतरवून घ्यायला कुणी नव्हतं.
हे कारणही कुठल्या रकान्यात बसत नाही.

पुस्तक कपाटात परत ठेवलं नाही.
पर्समध्ये आहे, डब्याचं तेल लागलंय.
काल पेन्सिलीला टोक काढलं.
पान एकशे एकोणसाठ.
पुस्तक म्हणतं, नेत्याला दूरचं दिसायला हवं.
मी लिहिलं :
आरिश बागवान तीन दिवस नाही.
मामाच्या टेम्पोवर जातो, भवानी पेठेत, सातला निघतो.
उद्या साडेसहाला त्याच्या दारात.
किल्ल्या शिपाईमामांकडे देऊन ठेवायच्या.