रायबंदरपर्यंत

चोडणचा धक्का सुटला की पुस्तक मिटायचं,
हा माझा एकुलता एक नियम.
पुढची दहा मिनिटं खारफुटी, डिझेलचा वास,
आणि डोक्यात जे काय उरलं असेल ते.

आधी मी रेघा ओढायचे. पिवळ्या, मग गुलाबी,
शेवटी अख्खं पान हळदीकुंकवाला निघालेलं.
चाचणीत पंचवीसपैकी नऊ.
कोर्देरो मिस रागावल्या नाहीत.
वही पालथी घातली, म्हणाल्या, आता सांग.
मला फक्त रंग आठवले.

तेव्हापासून चिठ्ठ्या.
जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या,
मागे उत्तर, पुढे प्रश्न
आणि कडेला कुणाचा तरी अर्धा शुभविवाह.
जमलेली चिठ्ठी थेट शनिवारी,
चुकलेली उद्याच्या बोटीत पुन्हा.

पुस्तक इंग्रजीत. मी ते घरी आणते:
पोदेराचा भोंगा हा उद्दीपक,
लाळ आमच्या काजूची.
परदेशातल्या प्रयोगशाळेची घंटा मला कधी ऐकू आली नाही,
हे पों-पों रोज सहाला फाटकाशी येतं.
धक्क्यावर गळ टाकून बसलेला म्हातारा
उठत का नाही, तेही पुस्तकात आहे:
मासा कितव्या खेपेला लागेल, ठरलेलं नसतं.
पणजीतल्या कसिनोच्या दिव्यांखालीही
हाच गळ, म्हणे.

ऋण प्रबलन मात्र तीन आठवडे अडून बसलं.
मला वाटायचं ऋण म्हणजे शिक्षा.
खलाशी गुरुदासमामाला समजावू गेले.
तो दोर गुंडाळत म्हणाला, आनी मागीर?
मी अडखळले.
आनी मागीर?
म्हटलं, आई सकाळपासून कटकट करते,
मी पुस्तक उघडलं की थांबते,
म्हणून मी उघडते.
मामा हसला. म्हणजे मी मासे साफ करतो, तसं?
घरचा आवाज बंद व्हावा म्हणून?
तसंच. नकोसं काही निघून जातं
आणि वागणं वाढतं.
बोलून गेले आणि तेव्हाच मला कळलं.

एक चिठ्ठी मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत राहिले.
विलोपन.

बाबा गेल्यावर त्यांची स्कूटर
वाड्यावरच्या गिरीशने घेतली.
आवाज तोच, संध्याकाळी सातचा,
फक्त आमच्याकडे थांबत नाही.
काजू महिनाभर फाटकाकडे धावला.
मग नुसते कान.
मग तेही नाही.
उद्दीपकामागून काही आलं नाही
तर प्रतिसाद विझतो. व्याख्या, दोन गुण.

गिरीश पंधरा दिवस बेळगावला बहिणीकडे होता.
परतला त्या संध्याकाळी
काजू झोपेतून उठला, शेपटी हलवत फाटकाशी गेला.
आई पळी हातात घेऊन बाहेर आली होती.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
पळीतली आमटी पायरीवर ठिबकत होती.

विझलेलं विश्रांतीनंतर आपसूक परत येतं.
एक उदाहरण द्या.

परवा पेपर. ती चिठ्ठी आता सगळ्यात वर आहे,
मागचं उत्तर न बघता येतं.
रायबंदर आलं. फळी धाडकन खाली,
मोटरसायकली एकदम सुरू,
आणि दोर फेकता फेकता गुरुदासमामा ओरडतो,
गे चेडवा, अर्धंच सांगितलंस,
आनी मागीर?