शेरा

पट्टीवरचा शेवटचा आकडा रात्री दीडला बुडाला.
सुखदेव भानारकर, मोजणीदार, बॅटरी दातांत धरून
पुढचं पाणी शाळेच्या पायऱ्यांवर मोजत राहिला.
तीन उरल्या. दोन. मग उंबरठा, मग भिंतीवर खडूची रेघ.

दर तासाला फोन: खाली आष्टीला, आष्टीच्याही खाली,
जिथं याच वैनगंगेला लोक दुसऱ्या नावानं हाक मारतात
आणि याच्या आकड्यावर गुरांची दावी सोडतात.
घरात किती चढलं, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

मधेच पोराचा फोन, सुरतेहून:
"बाबा, पाच-सहा देशांत पूर आहे म्हंते टीव्हीवर.
नद्यांची नावं तं वाचताच येत नाई."
"मंग तिकडंबी असन कोणी," सुखदेव म्हणाला,
"रेघ मारत बसलेला. ठेव आता, तीन वाजले."

उजाडलं तेव्हा धानाचे बांध नव्हते.
मोहाच्या फांदीत प्लास्टिकची खुर्ची, जशी कुणी बसायला ठेवली.
डोंग्यातून वच्छला आली: दोन शेळ्या, गॅसची टाकी,
टोपल्यात कोंबडी.
"मागची भिंत गेली," ती म्हणाली. "बाकी आहे.
ही मात्र अंड्यांवरून उठलीच नाई, टोपल्यासकट आणली."

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा, बोटभर रुंद.
पंधरा वर्षं तिथं त्यानं निरंक लिहिलं.
आज पेन्सिल थोडी थांबली, मग बारीक अक्षरात:
कोंबडी बसलेली आहे.

महिन्यानं नागपूरच्या साहेबानं त्याखाली
लाल शाईचं प्रश्नचिन्ह काढलं.
पट्टी नवी आली. दोन मीटर जास्त उंच.