सहासष्ट

बाबांनी तो डबा बाल्कनीतून ओढत आणला
तेव्हा त्यात बरण्यांची झाकणं होती,
एक वाळलेला कोळी,
आणि चौऱ्याण्णव सालापासूनची धूळ.
रंग म्हणे मूळचा पांढरा.
आता चहा पिणाऱ्याच्या दातांसारखा.

"ह्यातच बसव सगळं. नवा डबा कशाला?"

माझ्याकडे तीनशे चाळीस लारी होते.
कुताइसीत नवा डबा नव्वदला,
आणि नव्वदात मेमरी येते.
बाबांचं बरोबर होतं.
तसं मी त्यांना सांगितलं नाही.

बोर्ड बाटुमीहून आला, बंद पडलेल्या हॉटेलच्या
काउंटरमागचा, पावाच्या पिशवीत गुंडाळलेला,
मार्शरुत्काच्या ड्रायव्हरच्या सीटखालून.
दोन तळहातांएवढा.
डब्यात ठेवला तर
मोठ्या घरात एकटा भाडेकरू राहावा तसा दिसला.

डब्याच्या पाठीला एकच गोल भोक, कीबोर्डचं.
बाकी सगळा पत्रा सलग.
गॅरेजवाल्या ओतियाने ग्राइंडर लावला,
ठिणग्या त्याच्या चपलांवर पडत राहिल्या.
पैसे नको म्हणाला,
बायकोच्या फोनमधले नातवाचे फोटो तेवढे परत आणून दे.
ते आणायला तीन रात्री लागल्या.
म्हणजे स्वस्त पडलं असं काही म्हणता येत नाही.

समोरच्या मोठ्या बटणात थेट दोनशे वीस व्होल्ट यायचे.
ते मी उपटून टाकलं,
आणि रीसेटच्या बारीक तारा
पॉवरच्या खुंट्यांवर चढवल्या.
आता रीसेट दाबलं की यंत्र सुरू होतं.
बाबांनी हे जिन्यात त्सिउरीला गाठून सांगितलं,
मग तिच्या बहिणीला,
मग गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला.

राहिला तो हिरवा आकडा.
बटणांच्या वर, काचेमागे: सहासष्ट.
लहानपणी मला वाटायचं
आत कोणीतरी पळतंय आणि हा त्याचा वेग आहे.

मागची पट्टी सोडवली.
तिला यंत्राकडून एकही तार येत नव्हती.
नुसती वीज, आणि इवल्या टोप्यांच्या रांगा:
ही टोपी इकडे, तर ही रेघ पेटेल,
ती तिकडे, तर ती विझेल.
मोजमाप काहीच नाही.
कोणी बसवला तो आकडा.

"बाबा, हा कोणी लावला?"

ते खिडकीतून रिओनीकडे बघत राहिले,
जणू नदीत काही नवीन होतं.

"गुरामकडे चाळीसचं होतं.
रात्री दोन तास वीज यायची.
त्या दोन तासांत लोक अर्ज टाइप करून घ्यायचे,
पासपोर्टचे, पेन्शनचे.
जिन्यात रांग लागायची, मेणबत्त्या घेऊन.
रांग कोणाच्या जिन्यात लागणार?"

"आणि आपलं किती होतं?"

"तेहतीस."

आईच्या भुवयांच्या चिमट्याने केलं, म्हणाले.
आईलाही ठाऊक नाही.
आई आता इटलीत, बारीला,
कुणाच्या तरी आईला आंघोळ घालते.
फोनवर तिचा चेहरा मध्येच थिजतो,
तोंड उघडं, वाक्य अर्धं.
त्यासाठीच तर ही सगळी खटपट.

चिमटा मात्र इथेच आहे. मीही तोच वापरत होते.

नव्या बोर्डाचा वेग दोन आकड्यांत मावत नाही.
"नव्व्याण्णव कर," बाबा म्हणाले.
"खोटं होईल."
"तेव्हा कोणाचं काय बिघडलं?"
मी सहासष्टच ठेवलं, झाकण लावलं,
एक स्क्रू उरला, तो कुठला ते कळेना,
झोपायला गेले.

सकाळी झाकण किंचित तिरकं होतं.
टेबलावर बाबांचा चष्मा, शेजारी चिमटा.
उरलेला स्क्रू बशीत काढून ठेवलेला.

मी रीसेट दाबलं.
पंखा फिरला, पडदा उजळला,
काचेमागे हिरवं, थोडं थरथरत:
तेहतीस.

स्वयंपाकघरात बाबा
गरजेपेक्षा जास्त आवाज करत कॉफी करत होते.
"लाव तिला," ते तिथूनच ओरडले,
"उठली असेल आता."